जुन्या मॅन्युअल लेन्स डिजिटल बॉडीवर: अडॅप्टर, इन्फिनिटी, पाती आणि बुरशी

काचकाम :
फिल्मच्या जमान्यातल्या मॅन्युअल लेन्स स्वस्तात मिळतात आणि मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर लावायला सोप्या आहेत. तरी प्रश्न फिरून तेच येतात. 'लेन्स बसली, पण लांबचं फोकस होत नाही.' 'अ‍ॅपर्चरची रिंग फिरवली तरी फोटोत फरक नाही.' 'शटरच दाबलं जात नाही.' या तिन्हींचा काचेशी काडीचा संबंध नाही. म्हणून इथे आधी यंत्राची बाजू घेऊ, बोकेच्या (धूसर पार्श्वभूमीच्या) गप्पा नंतर.

सगळ्याच्या मुळाशी रजिस्टर, म्हणजे लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. जुन्या माउंटांचे (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या बैठकींचे) आकडे मिमीमध्ये असे: एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, कॉन्टॅक्स/याशिका ४५.५, मिनोल्टा एसआर (एमसी, एमडी) ४३.५, कॅनन एफडी ४२, लायका एम २७.८, लायकाचे जुने ३९ मिमीचे आटे २८.८. नवे मिररलेस: निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ आणि एल-माउंट २०.

अडॅप्टरची जाडी म्हणजे या दोन आकड्यांची वजाबाकी. एम४२ लेन्स सोनी ई वर लावायची तर ४५.४६ – १८ = २७.४६ मिमीची पोकळ नळी लागते, बस. आत काच नको, इलेक्ट्रॉनिक्स नको. वजाबाकी ऋण आली की मात्र भानगड सुरू होते.

अर्धाफ्रेम :
माझी बॉडी निकॉनचा जुना डीएसएलआर आहे. एम४२ लेन्सला 'काचवाला' आणि 'बिनकाचेचा' असे दोन अडॅप्टर दिसतात. कुठला घ्यावा?

काचकाम :
तुमच्या बॉडीचं रजिस्टर ४६.५, लेन्सला हवं ४५.४६. म्हणजे लेन्स बॉडीच्या आत १.०४ मिमी घुसायला हवी. तशी जागा नाही, शिवाय अडॅप्टरच्या पत्र्याची जाडी वेगळी. बिनकाचेच्या अडॅप्टरवर लेन्स जागेपेक्षा साधारण २ मिमी पुढे बसते असं धरा. मग सर्वांत लांबचं फोकस कुठवर जाईल? फोकल लेंग्थचा वर्ग भागिले ते जास्तीचं अंतर. ५० मिमीला २५०० ÷ २ = १२५० मिमी, म्हणजे सव्वा मीटरच्या पलीकडे सगळं धूसर. १३५ मिमीला १८२२५ ÷ २, म्हणजे नऊ मीटरपर्यंत चालेल. पोर्ट्रेट आणि फुलापानांना १३५ मिमी बिनकाचेचा वापरता येते, ५० मिमी फक्त जवळच्या कामाला.

काचवाल्या अडॅप्टरमध्ये एक छोटं सुधारक भिंग असतं. इन्फिनिटी (अगदी लांबचं फोकस) मिळते, पण पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला धुरकटपणा वाढतो आणि फोकल लेंग्थही थोडी वाढते. ते भिंग बऱ्याच अडॅप्टरांतून काढता येतं. काढता येणाराच घ्या, म्हणजे एकात दोन्ही.

बेचाळीसकर :
यात भर. डीएसएलआरवरच राहायचं असेल तर कॅनन ईएफ सर्वांत सोयीचा. त्याचं रजिस्टर ४४, त्यामुळे एम४२, पेंटॅक्स के, निकॉन एफ, ओएम, कॉन्टॅक्स/याशिका हे सगळे काचेशिवाय बसतात. मिनोल्टा एमडी आणि कॅनन एफडी बसत नाहीत. एफडी कॅननचाच असून कॅननच्याच ईएफ बॉडीवर चालत नाही हे अनेकांना पटत नाही, पण ४२ हे ४४ पेक्षा कमी, विषय संपला. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ईएफ बॉडीवर आणखी एक बघावं लागतं: काही लेन्सचा मागचा भाग इन्फिनिटीला इतका आत येतो की आरसा त्याला धडकतो. लावण्याआधी लेन्स हातात धरून हळूहळू इन्फिनिटीकडे फिरवा आणि मागची बाजू किती बाहेर येते ते नजरेने तपासा; पहिल्यांदा लावताना फोकस जवळच्या अंतरावर ठेवा.

पेंटॅक्सच्या बॉडीवर एम४२ लावताना रजिस्टर अगदी सारखं असल्यामुळे अडॅप्टर पूर्णपणे माउंटच्या आत बुडायला हवा. बाहेर कडा असलेला अडॅप्टर घेतलात तर ती कडा जेवढी जाड तेवढी इन्फिनिटी गेली.

आता आट्यांचा घोळ. एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यास, १ मिमी पिच. ३९ मिमीच्या आट्यांच्या लेन्स मात्र दोन जातीच्या आहेत: रेंजफाइंडरच्या (आरसा नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) २८.८ मिमीवाल्या, आणि सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या ४५.२ मिमीवाल्या. नावावरून फसगत होते. इंडुस्टार-६१ एल/डी रेंजफाइंडरची, इंडुस्टार-६१ एल/झेड एम४२ची. रेंजफाइंडरची लेन्स एम४२ अडॅप्टरवर ३९-४२ रिंग लावून बसवली तर ती १६ मिमीहून जास्त पुढे जाते, फक्त मॅक्रोसाठी उरते. झेनिटची ३९ वाली त्याच रिंगने जवळजवळ बरोबर बसते, फरक ०.२६ मिमीचा. ५८ मिमी लेन्सवर हिशेब केला तर फोकस साधारण १३ मीटरला थांबतं. अडॅप्टर मुळातच थोडा आखूड असेल तर हे आपोआप भरून निघतं.

तिपाई :
पेंटाकॉन ५०/१.८ घेतली आहे, एम४२. अ‍ॅपर्चरची रिंग टकटक फिरते, पाती मात्र उघडीच राहतात. लेन्स खराब आहे का?

बेचाळीसकर :
बहुधा नाही. लेन्स उलटी करा, मागे एक बारीक पिन दिसेल. रिंग एफ/८ वर ठेवून पिन बोटाने दाबा. पाती मिटली तर लेन्स ठणठणीत आहे. ही 'ऑटो' लेन्स. फिल्म कॅमेऱ्यात बघताना पाती उघडी राहायची आणि शटर दाबताना कॅमेरा ती पिन आत ढकलायचा. तुमच्या अडॅप्टरमध्ये पिन ढकलणारं काहीच नाही.

उपाय दोन. एक, पिन दाबणारा अडॅप्टर घ्यायचा, ज्याच्या आत एक गोल कडा असते आणि लेन्स पूर्ण आवळली की पिन कायम दाबलेली राहते. दोन, लेन्सवर ए/एम (ऑटो/मॅन्युअल) खटका असेल तर तो एम वर ठेवायचा. सुपर-टाकुमारवर आहे, हेलिओस ४४एम वर आहे, ४४एम-४ पासून पुढे नाही. हेलिओस ४४-२ मध्ये पिनच नाही. ती प्रीसेट जातीची: एक रिंग आकडा ठरवते, दुसरी त्या आकड्यापर्यंत पाती उघडते-मिटते. नवीन माणसाने ४४-२ पासून सुरुवात केली तर पिनचा प्रश्नच उद्भवत नाही.

पिन दाबणाऱ्या अडॅप्टरचीही एक खोड आहे. काही फुजिनॉन एम४२ लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगला मागे एक छोटी खुंटी असते, फुल अ‍ॅपर्चर मीटरिंगसाठी, म्हणजे पाती उघडी असतानाच उजेड मोजायला. ती अडॅप्टरच्या बाहेरच्या कडेला घासते आणि लेन्स पूर्ण आवळली जात नाही किंवा रिंग अडते. जोर लावू नका. खाच असलेला अडॅप्टर मिळतो, नाहीतर दुसरी लेन्स बघा.

पातीदार :
कॅनन एफडीवाल्यांसाठी: अडॅप्टरवर 'ओपन' आणि 'लॉक' अशी रिंग असते. ती लेन्स घट्ट करण्यासाठी आहे असं समजून लोक सोडून देतात. खरं तर ती लेन्सच्या मागचा अ‍ॅपर्चरचा दांडा ढकलते. 'ओपन' वर पाती कायम उघडी, 'लॉक' वर तुम्ही ठरवलेला आकडा लागू. आणि लेन्सची रिंग 'ए' वर ठेवायची नाही, आकड्यावर आणायची. या दोन गोष्टी झाल्या की एफडी ५०/१.८ किंवा ५०/१.४ इतर कुठल्याही मॅन्युअल लेन्ससारखीच वागते.

काचकाम :
बॉडीतल्या सेटिंग्जचं एकदाच लिहून टाकतो.

'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करा. सोनी, फुजी, कॅनन, पॅनासोनिक सगळ्यांत तो आहे, मेन्यूतली जागा वेगळी. मोड ए (शटर कॅमेरा ठरवतो) किंवा एम (सगळं हाताने). स्क्रीनवर अ‍ॅपर्चरच्या जागी शून्य किंवा रेघा दिसतील, ते बरोबर आहे. मीटरिंग प्रत्यक्ष आलेल्या उजेडावर होतं, त्यामुळे ए मोडमध्ये एक्स्पोजर ठीक येतं. ऑटो आयएसओ वापरत असाल तर किमान शटर स्पीड हाताने ठरवा. कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ माहीत नसल्याने १३५ मिमीलाही तो १/६० वर खुशाल जाईल.

बॉडीत स्टॅबिलायझर (सेन्सर हलवून हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरायची. लेन्सवर छापलेला खरा आकडा भरा, छोट्या सेन्सरच्या क्रॉपने गुणलेला नाही. ५० भरून १३५ मिमी लावली तर हलकं स्थिरीकरण मिळेल. उलट केलं, म्हणजे १३५ भरून ५० लावली, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलेल आणि तिपाईवरसुद्धा फोटो हललेले येतील. लेन्स बदलली की हा आकडा बदलायचा विसरतो, म्हणून तो एखाद्या बटणावर ठेवा. ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (चित्र आकसून छोट्या सेन्सरवर आणणारा काचेचा अडॅप्टर) लावला असेल तर गुणून भरायचं: ५८ मिमीचे ४१.

तिपाई :
पिन दाबून बघितली, पाती मिटली. आभार! आता फोकसबद्दल विचारते. पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा) लाल रंग डोळ्यावर दिसतो, फोटोत मात्र फोकस कानावर. असं का?

उजेडबघ्या :
कारण पीकिंग फोकस शोधत नाही, कॉन्ट्रास्टच्या कडा शोधतं. जुनी लेन्स पूर्ण उघडी असताना मुळात कॉन्ट्रास्ट कमी. फोकसच्या जरा पुढे-मागेही कडा सारख्याच उठून दिसतात. ५८ मिमी, एफ/२, एक मीटर अंतर, फुल फ्रेम: पुढून मागे मिळून फोकसची पट्टी साधारण ३४ मिमी. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सर) वर २२ च्या आसपास. डोळा ते कान अंतर याहून बरंच जास्त, आणि पीकिंग मात्र दोन्ही रंगवून मोकळं.

पीकिंगची पातळी 'लो' ठेवा. फक्त रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढत असाल तर पिक्चर प्रोफाइल कृष्णधवल करा आणि त्यातली शार्पनेस वाढवा; रॉ फाइलला धक्का लागत नाही, पण करड्या चित्रावर लाल कडा स्वच्छ दिसतात. आणि शेवटचा निर्णय मॅग्निफायरवर, ५ पट किंवा १० पट. पीकिंग अंदाजाला, मॅग्निफायर खात्रीला.

पातीदार :
मी पीकिंग सरसकट बंदच ठेवा म्हणेन. मॅग्निफायरची सवय झाली की लाल रंग उगाच मध्ये येतो.

उजेडबघ्या :
स्थिर विषयाला मान्य. चालत्या माणसाला मॅग्निफाय करत बसलात तर तो फ्रेमबाहेर गेलेला असतो. तिथे एफ/५.६ वर अंतर ठरवून ठेवायचं आणि पीकिंगने पडताळायचं.

दुसरा वाद असतो तो 'उघड्यावर फोकस करून मग मिटायचं' याचा. हा नियम डीएसएलआरच्या अंधाऱ्या व्ह्यूफाइंडरमुळे पडला. एफ/१.४ च्या जुन्या लेन्समध्ये गोलीय विपथन (भिंगाच्या मधून आणि कडेने आलेले किरण एका जागी न जुळणं) जास्त असतं, त्यामुळे पाती मिटताना फोकसची जागा सरकते. एफ/१.४ ला अचूक पकडलेला डोळा एफ/२.८ ला थोडा पुढे-मागे गेलेला असतो. म्हणून मिररलेसवर एफ/४ पर्यंत ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला फोकस करा. एफ/८ च्या पुढे उघड्यावर करून मिटलं तरी चालतं, तिथे फोकसची पट्टी सरकणं झाकून टाकते.

अर्धाफ्रेम :
जुनी लेन्स हातात आल्यावर तपासायची कशी? विकणाऱ्याच्या 'फोटोत दिसतेय तशी' या वर्णनावर किती भरवसा ठेवावा?

काचकाम :
टॉर्च लागतो. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा. सरळ मधोमध प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही किंवा धुळीचा कणही भयंकर दिसतो.

धूळ: सोडून द्या, फोटोत येत नाही. बुरशी: कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे, बहुतेक वेळा कडेपासून आत. धूसर पडदा: भिंगाच्या आतल्या पृष्ठावर दुधी थर, ग्रीसची वाफ साचून येतो. याने कॉन्ट्रास्ट मरतं, आणि विकणाऱ्याच्या फोटोत तो कधीच दिसत नाही. चिकटवलेल्या भिंगांमधला बाल्सम (पारदर्शक गोंद) सुटलेला: कडेला इंद्रधनुषी चट्टे किंवा बुडबुड्यासारखा डाग. हा घरी दुरुस्त होत नाही, लेन्स परत करा. पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा फारसा त्रास देत नाही. मागच्या भिंगावरचा तेवढाच ओरखडा जास्त नडतो, विशेषतः मिटलेल्या अ‍ॅपर्चरला.

मग पाती. ऑटो लेन्सची पिन दाबून पटकन सोडा; पाती झटक्यात उघडली-मिटली पाहिजेत. आळसावल्यासारखी सरकली तर तेल आहे. पात्यांवर चमकदार, ओले डाग दिसतील. प्रीसेट लेन्समध्ये पाती तुम्ही हाताने फिरवता, तिथे थोडं तेल असलं तरी फोटोला फरक पडत नाही. शेवटी फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत: सगळीकडे सारखीच जड असावी. मध्येच मोकळी, मध्येच घट्ट असेल तर ग्रीस वाळलंय. खरखर असेल तर आट्यांत कचरा गेलाय. वाकडी वाटत असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे.

पातीदार :
तेलाबद्दल विस्ताराने लिहितो, कारण इथे लोक लेन्स मारतात.

पात्यांना तेल कधीच लागत नाही. ती कोरडी चालायची असतात. तेल आलंय ते फोकसच्या आट्यांतलं ग्रीस पातळ होऊन, बहुधा उष्णतेने. म्हणून अडकलेल्या रिंगवर फवारणीचं तेल मारणं हा सर्वांत वाईट उपाय: रिंग आठवडाभर मोकळी वाटते आणि तेल पाझरत पात्यांवर येतं.

पाती धुवायची तर आधी पुढचा आणि मागचा भिंगांचा संच काढायचा. तो राहिला तर द्रावकाबरोबर विरघळलेलं तेल भिंगावर जाऊन थर बनतो. लायटरचं इंधन, म्हणजे नॅफ्था, कापसाच्या काडीने पात्यांवर लावा, पाती वीस-तीस वेळा उघड-मीट करा, तेल बाहेर येईल ते टिपा, वाळू द्या, पुन्हा करा. एकदा करून भागत नाही. पहिल्या खेपेला पाती स्वच्छ दिसतात आणि वाळल्यावर पुन्हा चिकटतात. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. नॅफ्था आट्यांत गेला तर तिथलं ग्रीसही धुतलं जाईल, म्हणून लेन्स आडवी धरून काम करा.

आट्यांचं ग्रीस बदलायचं असेल तर एक गोष्ट चुकवू नका. हे आटे अनेक तोंडांचे असतात, म्हणजे ते एकमेकांत बसण्याच्या जागा एकाहून जास्त असतात आणि त्यांतली एकच बरोबर. उघडताना आटे ज्या क्षणी सुटतात तिथे दोन्ही भागांवर टोकदार सुईने खूण करा. खूण न करता उघडलंत तर बसवताना चुकीच्या तोंडातून आत जाईल, फिरेलही गुळगुळीत, फक्त इन्फिनिटी येणार नाही. जुनं ग्रीस नॅफ्थाने पूर्ण काढा, लेन्ससाठीचं घट्ट डॅम्पिंग ग्रीस अगदी पातळ थरात लावा. जास्त लावलेलं ग्रीस कडेने बाहेर येतं, आणि पुढे कुठे जातं ते वर लिहिलंच आहे. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) जातीचे असतात. साधा फिलिप्स घातला की खाच बुजते.

तिपाई :
आणि बुरशी? एका ५५/१.८ टाकुमारच्या आतल्या भिंगाच्या कडेला दोन फाटे दिसताहेत.

काचकाम :
कडेला असेल आणि वाढत नसेल तर फोटोत काही दिसणार नाही. पण ती तशीच ठेवून बाकीच्या लेन्सबरोबर बंद डब्यात ठेवू नका. भिंग काढता येत असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात मिसळून, लेन्स टिश्यूला लावून, काही मिनिटं ठेवून पुसा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोकळ्या हवेत, आणि अमोनिया ब्लीचजवळही नेऊ नका. बुरशी निघेल. तिने कोटिंग खाल्लं असेल तर त्याचा ठसा राहील, तो निघत नाही. जितका घासाल तितकं उरलेलं कोटिंगही जाईल.

ठेवताना आर्द्रता ४० ते ५० टक्के. हवाबंद डबा, सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक. चामड्याच्या मूळ पिशव्या दिसायला देखण्या, पण ओल धरतात. लेन्स त्यात ठेवू नये.

अर्धाफ्रेम :
टाकुमार ५०/१.४ पिवळी पडलेली मिळतेय. घ्यावी?

बेचाळीसकर :
पिवळेपणा सात भिंगांच्या आवृत्तीत येतो, तिच्यात थोरियमयुक्त काच आहे. आधीच्या आठ भिंगांच्या आवृत्तीत हा त्रास नाही. थोरियमच्या किरणोत्सर्गाने काचेतच रंग धरतो, पुसून जात नाही. अतिनील प्रकाशाने मात्र उतरतो: ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा एलईडी थोरियमच्या भिंगाजवळच्या बाजूने, म्हणजे मागून, काही दिवस ते काही आठवडे. ऊनही चालतं, पण ऊन भिंगातून गेलं की पलीकडे आग लावू शकतं, म्हणून खाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि लेन्स तापली की वर पातीदारांनी सांगितलेलं तेल-पुराण सुरू. एलईडी बरा. फोटो काढण्याच्या वापरात ही लेन्स धोकादायक नाही. ती काच घासू नका, फोडू नका, नेत्रभिंग म्हणून डोळ्याला लावू नका. राहिला रंग, तर व्हाइट बॅलन्सने निघतो. जातो तो थोडा उजेड.

अर्धाफ्रेम :
हेलिओस ४४-२ चा गरगरणारा बोके माझ्याकडे अजिबात येत नाही. खोटी लेन्स?

उजेडबघ्या :
तुमचं नावच उत्तर आहे :) तो गरगराट चौकटीच्या कडेला असतो, एपीएस-सी सेन्सर नेमकी तीच कड कापतो. लेन्सच्या नळीमुळे कडेचे प्रकाशगोल कापले जाऊन मांजरीच्या डोळ्यासारखे होतात, आणि ते केंद्राभोवती मांडले गेले की फिरल्यासारखं वाटतं. एफ/२ वरच राहा, विषय दीड ते अडीच मीटरवर, त्यामागे काही मीटरवर पानांतून उजेडाची भोकं दिसणारं झाड. सपाट भिंतीपुढे कुठलीच लेन्स गरगरत नाही. मिररलेस बॉडीवर फोकल रिड्यूसर लावलात तर कापलेली कड बरीच परत येते.

उलट बाजूही सांगतो. काही जुन्या लेन्स, विशेषतः ज्यांचं मागचं भिंग सपाट आहे, एफ/११ च्या पुढे मध्यभागी फिकट किंवा जांभळा डाग देतात. फिल्म प्रकाश फारसा परत फेकत नव्हती, सेन्सर फेकतो. हूड लावून हा जात नाही. एफ/८ वर थांबणं एवढाच उपाय. हूड वेगळ्या कारणाने लावायचाच: एकेरी कोटिंगला तिरकं ऊन सहन होत नाही. ४४-२ ला ४९ मिमीचे आटे आहेत, ४४एम मालिकेला ५२.

जांभळ्या-हिरव्या कडांचं बहुतेकांना माहीत असतं: फोकसच्या पुढे जांभळी, मागे हिरवी. एफ/४ ला बऱ्याच जातात, उरलेल्या रॉमध्ये.

तिपाई :
एक शेवटचं. माझ्या २४ मिमीवर पाच-सहा मीटरच्या खुणेलाच इन्फिनिटी येते, आणि खुणांची बाजू वर न येता डावीकडे कलंडलेली असते.

काचकाम :
दोन्हींचं मूळ अडॅप्टरमध्ये. बनवणारे अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड ठेवतात, म्हणजे इन्फिनिटी चुकणार नाही. ०.१ मिमी आखूड असला तर २४ मिमीवर हिशेब ५७६ ÷ ०.१ = ५.७६ मीटर. तुमचं निरीक्षण तंतोतंत जुळतं. नुसता त्रास वाटत असेल तर सोडून द्या, फोकस डोळ्यांनी करायचं आहे, खुणांनी नाही. पण लेन्समध्ये तरंगती भिंगं (फोकस करताना आपसातलं अंतर बदलणारी) असतील, जी वाइड लेन्समध्ये असू शकतात, तर चुकीच्या अंतरावर फोकस झाल्याने कोपरे मऊ येतात. तेव्हा अडॅप्टरचा बॉडीकडचा माउंट काढून तिथे पातळ पितळी शिम (चकती) घालता येते: ०.०५ मिमीपासून सुरुवात, दर वेळी दूरच्या दिव्यावर १० पट मॅग्निफाय करून पडताळा. शिम सगळीकडे सारखी बसली पाहिजे. एका बाजूला जास्त झाली की चौकटीचा एक कोपरा जाईल.

कलंडण्यासाठी अडॅप्टरच्या कडेला बघा, तीन बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतील. ते पूर्ण काढू नका, अर्धा वळसा सैल करा. लेन्स नेहमीसारखी आवळा, आतलं आट्यांचं कडं लेन्ससकट फिरवून खूण वर आणा, तिन्ही स्क्रू थोडे थोडे करत आलटून पालटून घट्ट करा. एकच आधी पूर्ण आवळला तर कडं एका बाजूला ओढलं जातं. मग लेन्स काढून पुन्हा लावून बघा. खूण सरकली तर स्क्रू अजून सैल आहेत.